मुदत डोक्यावर, रेंडर बाकी: परवडणारी रेंडर सेवा शोधायची नीट पद्धत

दसरा किंवा पाडवा जवळ आला की नागपुरात थ्रीडीचं काम करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. बेसा, वर्धा रोड, मिहानच्या बाजूला कुठल्यातरी स्कीमचं लाँच असतं. मिनिटभराचा वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरवून आणणारा थ्रीडी व्हिडिओ, हवा असतो आणि बिल्डरचं म्हणणं ठरलेलं असतं: "भाऊ, शुक्रवारी सकाळी पाहिजे म्हणजे पाहिजे." मग जो भेटेल त्याला विचारणं सुरू होतं, स्वस्तातला रेंडर फार्म कोणता? (रेंडर म्हणजे थ्रीडी मॉडेलमधून कॉम्प्युटरने एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, काढणं. फार्म म्हणजे ते काम पैसे घेऊन करून देणारी पुष्कळ मशीन.)

हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. सेवा निवडणं हे या कामातलं सहावं पाऊल आहे. आधीची पाच टाळली तर सगळ्यात स्वस्त फार्मही महाग पडतो, कारण काळ्या आलेल्या, टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) हरवलेल्या, लुकलुकणाऱ्या फ्रेमचेही पैसे कापले जातात आणि वेळ तर जातोच. खालचा क्रम मोडू नका. उदाहरण म्हणून ६० सेकंदांचा, २५ फ्रेम प्रति सेकंदाचा, म्हणजे १५०० फ्रेमचा वॉकथ्रू धरला आहे. सेटिंगची नावं मुख्यतः ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधली आहेत. मॅक्स हे दुसरं सॉफ्टवेअर आणि व्ही-रे, कोरोना ही रेंडर इंजिनं, यांचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं लिहिलं आहे.

## १. घड्याळ उलटं मांडा

मुदत शुक्रवारी सकाळी ११ची आणि आज सोमवारची दुपार, म्हणजे हातात साधारण ९५ तास. हे सगळे रेंडरचे तास नाहीत. शेवटून मागे येत वजा करा:

- एडिटिंग, संगीत, रंग: ८ तास
- क्लायंटने बघणं आणि एक फेरी बदल: १२ तास
- बिघडलेल्या फ्रेम पुन्हा काढणं: १२ तास
- अपलोड-डाउनलोड: ६ तास
- सीन (थ्रीडी दृश्याची फाइल) हलका करणं, फाइल बांधणं, चाचणी: १६ तास

एकूण ५४ गेले, उरले ४१. पुढचे सगळे निर्णय या ४१ तासांवर होणार आहेत. आकडा कागदावर लिहून समोर ठेवा.

सावधान: पुन्हा रेंडरचे १२ तास लोक सगळ्यात आधी खाऊन टाकतात. पाहिजे तर संगीतातून दोन तास काढा, पण इथून काढू नका. एकही फ्रेम दुसऱ्यांदा काढावी लागली नाही असा वॉकथ्रू क्वचितच होतो.

## २. ज्याला दुसऱ्याची मंजुरी लागते ते आजच सुरू करा

यात तुमची मेहनत फारशी नाही, पण थांबावं लागतं. म्हणून सीनला हात लावण्याआधी हे उरका.

कार्ड. बहुतेक रेंडर फार्म परदेशी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा आणि मर्यादाही वाढवा. मग फार्मवर कमीत कमी रकमेचं रिचार्ज करून बघा. रात्री दोनला कार्ड नाकारलं गेलं तर बँकेत फोन उचलणारं कोणी भेटेलच याचा भरवसा नाही. रुपयातला खर्च काढताना बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरा. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी सेवेवर रिव्हर्स चार्ज (कर तुम्हीच भरायचा) लागतो, तो सीएला आधीच विचारून घ्या.

क्लाउड खातं. ॲमेझॉनसारख्या क्लाउडवर तासाने ग्राफिक्स कार्डवालं मशीन घ्यायचा विचार असेल तर एक अडचण लक्षात घ्या. नव्या खात्याला अशा मशीनची मर्यादा सहसा शून्य असते. ती वाढवण्याचा अर्ज करावा लागतो आणि मंजुरीला वेळ जातो. सोमवारी केलेला अर्ज बुधवारी कामी येऊ शकतो. बुधवारी केलेल्या अर्जाचा काही उपयोग नाही.

बिल्डरची परवानगी. न जाहीर झालेल्या स्कीमचं मॉडेल तुम्ही तिसऱ्याच्या मशीनवर पाठवणार आहात. "रेंडरिंग बाहेर करून घेत आहोत, चालेल ना?" एवढा मेसेज टाका आणि उत्तर जपून ठेवा.

## ३. फ्रेम मोजा, अंदाज बांधू नका

"फ्रेमला पाचेक मिनिटं लागतात" हे वाक्य जवळजवळ नेहमी खोटं ठरतं, कारण ती फ्रेम सोयीची निवडलेली असते. प्रत्येक शॉटमधली सगळ्यात जड फ्रेम घ्या: झाडं कॅमेऱ्याजवळ आलेली, काचेतून काच दिसणारी, आरसा असलेली. ती पूर्ण रिझोल्यूशनवर आणि पूर्ण सॅम्पलवर (एका पिक्सेलसाठी प्रकाश किती वेळा मोजायचा तो आकडा) काढा.

आपल्या उदाहरणात असे आकडे आले समजा. बागेतल्या ७०० फ्रेम, प्रत्येकी १४ मिनिटं. लॉबीच्या ३००, प्रत्येकी ५. फ्लॅटच्या आतल्या ५००, प्रत्येकी ६. म्हणजे ९८००, १५०० आणि ३००० मिनिटं, एकूण १४,३००. हे झाले सुमारे २३८ तास. कोणी १४, ५ आणि ६ची सरळ सरासरी काढून १५००ने गुणलं असतं तर २०८ तास आले असते. नुसत्या हिशेबाच्या पद्धतीने ३० तासांचा फरक पडतो आणि आपल्याकडे आहेतच ४१.

तपासणी: हे मोजमाप दुपारी करा. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा ग्राफिक्स कार्ड तापून आपला वेग आपणच कमी करतं. सकाळी सातला आलेली पाच मिनिटं दुपारी तीनला साडेसहा होऊ शकतात. कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नका. ओली हवा आणि खाऱ्या पाण्याचे तुषार बोर्डावर बसतात. मशीन झोतापासून बाजूला ठेवा आणि खोलीतली गरम हवा बाहेर जायला वाट ठेवा.

## ४. फ्रेम हलकी करा

पैसे वाचतात ते खरे इथेच. फार्मशी घासाघीस करून दहा टक्के सुटतील. सीन नीट केला तर निम्मं बिल जाऊ शकतं.

सॅम्पल. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये मॅक्स सॅम्पल्स मुळात ४०९६ आणि नॉइज थ्रेशोल्ड (किती दाणे चालतील ती मर्यादा) ०.०१ असतो. अनेक जण याला हातच लावत नाहीत. डीनॉइजर (चित्रातले दाणे पुसणारी सोय) लावून थ्रेशोल्ड ०.०३ ते ०.०५ आणि मॅक्स सॅम्पल्स २५६ ते ५१२ करून बघा. बहुतेक वॉकथ्रूला ते पुरतं.

मात्र ही तपासणी एका स्थिर चित्रावर करू नका. डीनॉइजर प्रत्येक फ्रेम वेगवेगळी साफ करतो. त्यामुळे एकेकटी सुंदर दिसणारी चित्रं ओळीने चालवली की अंधाऱ्या कोपऱ्यात, पडद्याच्या चुण्यांत, सोफ्याखाली डाग उकळल्यासारखे हलतात. सलग २० फ्रेम काढा, व्हिडिओ करा आणि मोठ्या पडद्यावर बघा. डाग दिसले तर फक्त त्या शॉटचे सॅम्पल वाढवा, बाकीच्यांचे नाही.

बाउन्स, म्हणजे प्रकाश किती वेळा आपटून उसळतो ते. मुळात एकूण १२ असतात. आतल्या शॉटला बहुतेकदा ५-६ पुरतात. काच आणि पानं मात्र वेगळी तपासा. ट्रान्समिशन (आरपार जाणारे) बाउन्स जास्त कमी केले तर काच काळी पडते. ट्रान्सपरंट बाउन्स कमी केले तर झाडांची चित्रातून कापलेली पानं काळ्या चौकोनांसारखी दिसू लागतात. बागेचा शॉट त्यासाठी हमखास काढून बघा.

टेक्स्चर. ८के (सुमारे ८००० पिक्सेल रुंद) टेक्स्चर ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत सुमारे २५६ एमबी घेतं, २के घेतं १६. दूरच्या कंपाउंड भिंतीला ८के लावून काही मिळत नाही, पण मेमरी भरते. मेमरी भरली की रेंडर मंदावतो किंवा थांबतो. आणि फार्मवर मोठ्या मेमरीचं मशीन घ्यायचं तर दर चढतो. कॅमेऱ्याच्या हातभर अंतरावर येणाऱ्या वस्तू सोडून सगळं २केवर आणा.

रिझोल्यूशन. ४के म्हणजे १०८०पीच्या चौपट पिक्सेल, वेळही साधारण त्याच पटीत. लाँचच्या हॉलमध्ये कोणता प्रोजेक्टर किंवा एलईडी भिंत आहे हे बिल्डरच्या माणसाला विचारा. पुष्कळदा तिथे १०८०पीच चालणार असतं आणि ४केचा हट्ट कुणीतरी नुसता कागदावर लिहिलेला असतो.

स्थिर कॅमेरा. कॅमेरा हलत नाही आणि फक्त छताचा पंखा फिरतो अशा शॉटमध्ये मागचं चित्र एकदाच काढा आणि पंख्याभोवतीचा चौकोन तेवढा फ्रेमगणिक रेंडर करा. पंख्याची सावली किंवा फरशीतलं प्रतिबिंब चौकोनाबाहेर जात नाही ना, हे बघा.

व्ही-रे आणि कोरोना वापरणाऱ्यांसाठी: फार्मवर प्रत्येक फ्रेम वेगळ्या मशीनवर जाते. प्रकाशाचा कॅशे (आधी काढून साठवलेला हिशेब) प्रत्येक मशीनने आपापला बनवला तर फ्रेमगणिक उजेड थोडा बदलतो आणि भिंती लुकलुकतात. कोरोनात यूएचडी कॅशे आधी काढून फाइलमधून द्या किंवा पाथ ट्रेसिंग वापरा. व्ही-रेमध्ये मुख्य गणनेला ब्रूट फोर्स ठेवा. याची चाचणी एकाच मशीनवर केली तर दोष लपून राहू शकतो, हे ध्यानात ठेवा.

आता पुन्हा मोजा. बागेची फ्रेम १४ वरून ६ मिनिटांवर, लॉबीची ३ वर आणि फ्लॅटची साडेतीनवर आली असं धरू. ४२००, ९०० आणि १७५० मिळून ६८५० मिनिटं, सुमारे ११४ तास. ४१ तासांत आधी सहा मशीन लागली असती, आता तीन पुरतात. "फार्म कोणता?" या प्रश्नाचं उत्तर इथे कधीकधी "फार्मची गरजच नाही" असं निघतं.

## ५. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडेल अशी बांधा

फार्मवर बिघडलेलं काम बघायला बसलं की बहुतेक वेळा रेंडर इंजिन निर्दोष निघतं. फाइल बांधणीच कच्ची असते. क्रमाने करा:

१. सीनची नवी प्रत करा. मूळ फाइलला यापुढे हात लावू नका.

२. ब्लेंडरमध्ये आधी सगळ्या फाइलचे मार्ग रिलेटिव्ह (सीनच्या फोल्डरपासून मोजलेले) करा, रिपोर्ट मिसिंग फाइल्स चालवा, मग पॅक रिसोर्सेस. मॅक्समध्ये ॲसेट ट्रॅकिंगची यादी उघडून हरवलेलं एकही नाव उरू देऊ नका. सिनेमा फोरडीमध्ये ॲसेटसह प्रोजेक्ट सेव्ह करायची सोय आहे, तीच वापरा.

३. फोल्डर आणि फाइलची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. "बेसा फायनल नवीन (२)" असं देवनागरी नाव तुमच्या विंडोजवर चालतं. फार्मच्या मशीनवर त्याच नावामुळे टेक्स्चर सापडत नाही.

४. कपडा, पाणी, धूर, केस, कण: जिथे सिम्युलेशन आहे तिथे बेक करून (हालचाल आधीच मोजून साठवून) कॅशे सोबत द्या. फार्मवरचं मशीन थेट फ्रेम ७३० पासून सुरू करतं. आधीच्या ७२९ फ्रेममध्ये पडदा कसा हलला हे त्याला ठाऊक नसतं. मग एका फ्रेमला पडदा उजवीकडे, पुढच्या फ्रेमला सरळ.

५. गेटवरच्या पाटीवर मराठी नाव असेल तर टेक्स्टचा मेश (थ्रीडी आकार) करा किंवा चित्र म्हणून लावा. फॉन्ट सोबत गेला नाही तर फार्म आपला फॉन्ट लावतो आणि स्कीमच्या नावाची अक्षरं मोडतात. बिल्डर सगळ्यात आधी तेच बघणार.

६. आउटपुट नेहमी चित्रांच्या मालिकेत, पीएनजी किंवा ईएक्सआर. थेट व्हिडिओ कधीच नाही. फ्रेम ११००ला वीज गेली तर व्हिडिओ फाइल सहसा उघडतच नाही, मालिकेतल्या १०९९ फ्रेम मात्र शाबूत राहतात. ईएक्सआरमध्ये नको असलेले थर ठेवू नका, नाहीतर डाउनलोडचा डोंगर होतो.

७. सॉफ्टवेअरची आणि प्रत्येक प्लगइनची नेमकी आवृत्ती लिहून ठेवा. क्रॅक केलेलं प्लगइन फार्मवर चालणार नाही, हे गृहीत धरा.

तपासणी: बांधलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा, भावाचा लॅपटॉप असला तरी चालेल. एक फ्रेम काढा. तिथे गुलाबी किंवा पांढरं काही दिसलं तर फार्मवरही तेच दिसणार आणि तिथे त्याचे पैसे लागतील.

अपलोडचा हिशेबही आत्ताच करा. इंटरनेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, फाइल असते मेगाबाइटमध्ये. अपलोड २० मेगाबिटचा असेल तर ८ जीबीला कागदावर ५३ मिनिटं, प्रत्यक्षात तासाहून जास्त. आपल्या प्लॅनचा डाउनलोड १०० असला तरी अपलोड तेवढाच असेल असं नाही. वेग मोजूनच बघा.

## ६. आता सेवा निवडा

शहरातली मशीन. दोन-तीन मशीनने भागत असेल तर मी आधी इकडेच वळेन. ओळखीच्या आर्किटेक्चरल स्टुडिओची मशीन रात्री आठ ते सकाळी दहा रिकामी असतात. ॲनिमेशन क्लासच्या लॅब रविवारी बंद असतात. गेमिंग कॅफेत चांगली ग्राफिक्स कार्डं असतात आणि रात्रभराचा ठोक दर बोलता येतो. कॅफेबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. अनेक ठिकाणी मशीन रीस्टार्ट झालं की सगळं पुसून पूर्ववत होतं. आउटपुट कॅफेच्या डिस्कवर गेलं आणि पहाटे अपडेटने मशीन बंद-चालू झालं तर रात्रभराच्या फ्रेम गेल्या. आउटपुट थेट तुमच्या बाहेरच्या एसएसडीवर टाका. ती नसेल तर सीताबर्डीच्या बाजारातून आजच घ्या.

डेटा हाताने नेता येतो हा शहरातल्या मशीनचा मोठा फायदा आहे, फक्त दिवस बघून ठरवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत महाल-इतवारीतून गाडी काढणं विसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत दीक्षाभूमीच्या बाजूने जायचं असेल तर तासभर जास्त धरा.

काम मशीनमध्ये वाटताना अख्खा शॉट, आणि तो एकाच मशीनवर वेळेत बसत नसेल तर त्याचा मोठा सलग तुकडा, एका मशीनला द्या. एक फ्रेम इकडे, एक तिकडे असं केलं तर आवृत्ती किंवा कार्डातला बारीक फरकही हलताना डोळ्याला दिसतो.

घरचं मशीन रात्रंदिवस चालवायचं तर विजेचा हिशेबही धरा. ५०० वॅट ओढणारं मशीन दिवसाला १२ युनिट खातं. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. त्यामुळे हे युनिट तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने धरा. साधा छोटा यूपीएस पूर्ण भारावर काही मिनिटंच टिकतो. मान्सूनपूर्व वादळांच्या दिवसांत तेवढ्यावर विसंबू नका.

शीपइट. ब्लेंडरसाठी ही मोफत सेवा आहे. तुम्ही इतरांच्या फ्रेम काढून देता, गुण मिळवता आणि त्या गुणांवर तुमचं काम पुढे सरकतं. विद्यार्थ्यांसाठी उत्तम आहे. पण मुदतीची हमी नाही, फाइलच्या आकाराला आणि फ्रेमच्या वेळेला मर्यादा आहेत आणि तुमचा सीन अनोळखी लोकांच्या मशीनवर रेंडर होतो. बिल्डरची न जाहीर झालेली स्कीम इथे टाकू नका. स्वतःची शॉर्ट फिल्म असेल तर गुण महिनाभर आधीपासून जमवायला लागा.

पैसे घेणारे रेंडर फार्म. रीबसफार्म, गॅरेजफार्म, फॉक्स रेंडरफार्म ही त्यातली माहितीची नावं. फाइल त्यांच्या प्लगइनमधून पाठवता, लायसन्स आणि मशीन त्यांचं. मुदत घट्ट असेल आणि दहा-वीस मशीनची गरज असेल तर हाच मार्ग. नव्या खात्याला चाचणीपुरतं क्रेडिट बहुतेक जण देतात. विद्यार्थ्यांना सवलत आहे का तेही विचारा. दरपत्रकांची तुलना करत बसू नका. कोणी गिगाहर्ट्झ-तासाने (प्रोसेसरच्या वेगावर) मोजतं, कोणी ऑक्टेनबेंच-तासाने (ग्राफिक्स कार्डाच्या वेगावर), कोणी मशीन-तासाने. तुमच्या स्वतःच्या फ्रेमला किती पैसे पडले, तेवढाच आकडा एकमेकांशी ताडता येतो.

तासाने भाड्याचं क्लाउड मशीन. ॲमेझॉनचं मुंबईत केंद्र आहे. ई-टू-ई नेटवर्क्ससारख्या भारतीय कंपन्या रुपयांत बिल देतात. रनपॉड, व्हास्ट यांवर दर कमी दिसतात. इथे मशीन नुसतं मिळतं. ब्लेंडर टाकणं, फाइल चढवणं, आउटपुट जपणं तुमच्याकडे. कमांड लाइन आधी कधी वापरली नसेल तर घाईच्या आठवड्यात शिकायला बसू नका. ॲमेझॉनचं स्पॉट (रिकाम्या क्षमतेतलं) मशीन बरंच स्वस्त असतं, पण ते दोन मिनिटांच्या सूचनेवर काढून घेतलं जाऊ शकतं. फ्रेम मालिकेत असतील आणि वेगळ्या साठ्यावर जात असतील तरच घ्या.

सावधान: व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुपवर "निम्म्या दरात रेंडर करून देतो" म्हणणाऱ्याला पूर्ण रक्कम आधी देऊ नका. तुमच्याच सीनची जड फ्रेम काढून मागा, मग शॉटगणिक पैसे द्या.

## ७. चाचणी: तीन सुट्या आणि वीस सलग

दोन सेवा निवडा, पाच नाही. दोन्हींवर तेच पॅकेज चढवा. प्रत्येक शॉटची एक जड फ्रेम, म्हणजे तीन सुट्या फ्रेम, आणि सगळ्यात अवघड शॉटच्या २० सलग फ्रेम काढा.

बघायचं काय? घरच्या फ्रेमवर फार्मची फ्रेम ठेवून फरक: रंग, सावली, काच, पाटी. सलग फ्रेम चालवून लुकलुक. आणि खर्च.

खर्चात एक लपलेला भाग असतो. जड सीन उघडायलाच दोन मिनिटं लागत असतील आणि फार्म प्रत्येक फ्रेमला फाइल नव्याने उघडत असेल, तर १५०० फ्रेमला ३००० मिनिटं, म्हणजे ५० मशीन-तास नुसत्या उघडण्याचे लागतात आणि त्याचं बिल येतं. एका कामात ५ ते १० फ्रेम एकत्र पाठवायची सोय आहे का बघा आणि ब्लेंडरमध्ये पर्सिस्टंट डेटा (सीन मेमरीत राखून ठेवणं) सुरू ठेवा. २० फ्रेमच्या चाचणीचा खर्च भागिले २०, हाच तुमचा खरा दर. त्यावर शॉटगणिक हिशेब करा आणि वर २५ टक्के ठेवा.

फार्मवर प्राधान्याचे टप्पे असतात, खालचा स्वस्त, वरचा महाग. चाचणी ज्या प्राधान्यावर केली तिथे रांगेत किती वेळ थांबावं लागलं ते टिपून ठेवा. चाचणी सर्वांत वरच्या प्राधान्यावर आणि खरं काम सर्वांत खालच्यावर टाकून लोक वेळापत्रक घालवून बसतात.

## ८. शॉट कोणत्या क्रमाने पाठवायचे

सगळे १५०० एकदम टाकू नका. आधी प्रत्येक शॉटची दर दहावी फ्रेम पाठवा, १५० फ्रेम. यातून अख्ख्या कॅमेऱ्याच्या वाटेवरच्या चुका दिसतात: भिंतीतून घुसलेली खुर्ची, मध्येच दिसेनासं झालेलं झाड. हीच मालिका ढोबळ व्हिडिओ करून बिल्डरला दाखवा. "सोफ्याचा रंग बदला" आता ऐकणं परवडतं.

मग सगळ्यात जड शॉट आधी, इथे बाग. हलका शेवटी ठेवा, म्हणजे वेळ कमी पडला तर तो घरच्या मशीनवरही निघतो. ब्लेंडरमध्ये ओव्हरराइट (असलेली फ्रेम पुन्हा काढणं) बंद आणि प्लेसहोल्डर्स (हाती घेतलेल्या फ्रेमच्या जागी रिकामी फाइल) सुरू ठेवले तर एकाच फोल्डरवर काम करणारी मशीन एकमेकांच्या फ्रेम पुन्हा काढत नाहीत, आणि दर दहावी आधीच तयार असल्याने तीही वाचते. सेटिंग मधे बदललं असेल तर मात्र त्या जुन्या १५० काढून टाका, नाहीतर दर दहाव्या फ्रेमला उजेडाचा झटका बसेल.

## ९. फ्रेम येतील तशा तपासा

डाउनलोड काम सुरू असतानाच चालू ठेवा. पूर्ण झाल्यावर १५०० पीएनजी, प्रत्येकी चारेक एमबी, म्हणजे ६ जीबी, एकदम उतरवायला बसाल तर गुरुवारच्या रात्रीचा मोलाचा वेळ त्यात जाईल.

फोल्डर आकारानुसार लावा. शून्य केबीच्या आणि शेजारच्या फ्रेमपेक्षा फारच लहान फाइल बहुतेक वेळा काळ्या किंवा अर्धवट असतात. क्रमांक सलग आहेत का ते बघा. मग मालिका एडिटरमध्ये टाकून एकदा साध्या वेगाने आणि एकदा निम्म्या वेगाने चालवा. बिघडलेल्या फ्रेमचे क्रमांक कागदावर लिहा आणि तेवढेच परत पाठवा. पाच-सहा सलग फ्रेम बिघडल्या असतील तर एखादं मशीनच सदोष असण्याची शक्यता आहे. फार्मच्या मदत विभागाला क्रमांकांसह लगेच लिहा आणि त्या फ्रेमचं क्रेडिट परत मागा. चूक त्यांच्याकडची असेल तर मागितल्यावर मिळतं, न मागता सहसा मिळत नाही.

सावधान: निम्मं काम झाल्यावर सीनमध्ये "एवढंसं" काही सुधारू नका. एक दिवा हलवला तरी तो अख्खा शॉट पुन्हा काढावा लागतो.

## १०. तरीही वेळ पुरत नसेल तर

गुरुवारी दुपारी हिशेब करा: उरलेल्या फ्रेम गुणिले फ्रेमचा वेळ, भागिले चालू मशीन. आकडा बसत नसेल तर याच क्रमाने कापा. आधी शॉटची लांबी: दोन सेकंद कमी झाले तर ५० फ्रेम वाचतात आणि बिल्डरच्या लक्षात येत नाही. मग उरलेला हलका शॉट ७२०पीवर काढून मोठा करा, वेळ निम्म्याहून कमी लागतो. मग प्राधान्य वाढवा, त्यासाठीच ते २५ टक्के ठेवले होते. फ्रेम रेट कमी करणं सगळ्यात शेवटी, कारण फिरत्या कॅमेऱ्यात धक्के दिसतात.

फाइल दिल्यावर क्लाउडचं मशीन बंद केलंत म्हणून मीटर थांबला असं समजू नका. जोडलेल्या डिस्कचं भाडं वेगळं चालू राहतं. फ्रेमच्या दोन प्रती घरी उतरल्या आहेत आणि बिल्डरने अंतिम होकार दिला आहे हे पाहून मगच ती डिस्क काढून टाका, फार्मवरचा सीन पुसा आणि बिलाची प्रत उतरवून ठेवा.